निकमांच्या घरचं ताट

“ज्या घरचं नाव दगडावर, त्या घरच्या सुवासिनीनं ओवाळायचं. ठरलं ना मंडळी?”

सरपंच विलासराव आमच्या सोप्यात मांडी ठोकून बसले होते आणि मी मधल्या दाराआड कपबश्या पुसत उभी होते. सोप्यात स्मारक कमिटीची माणसं, विड्यांचा धूर, आणि मधोमध आमचे मामंजी. मामंजी म्हणजे माझे सासरे, सुभेदार ज्योतिराम निकम. पलटणीतून निवृत्त होऊन कैक वर्षं झाली होती, पण पाठ कधी भिंतीला टेकली नाही त्यांची. जेवायलासुद्धा असे ताठ बसायचे, जणू कुणी साहेब तपासणीला येणार आहे.

“आणि घरात सुवासीन नसंल तर?” कुणीतरी विचारलं.

“तर भावकीतली उभी करायची. गावात सुवासिनींचा दुष्काळ पडलाय होय?” विलासराव हसले. “पण विधवा बाया मागं बसतील. शुभकार्य आहे, ब्रिगेडियर साहेब येणारेत, उगीच गालबोट कशाला?”

मामंजींनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी बघितलं ना माझ्या डोळ्यांनी! पण मग मिशीवरनं हात फिरवला आणि दाराकडं बघत म्हणाले, “सूनबाई, चहा.”

मी चहा देऊन आत आले तर चुलीपाशी आत्याबाईंची भाकरी परातीत अर्धवट थापलेली, आणि हात पिठात तसेच. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत्याबाई म्हणजे मामंजींच्या थोरल्या भावाची बायको, हौसाबाई. माझी सख्खी सासू मी लग्न होऊन यायच्या आधीच गेली होती, त्यामुळं त्या घरात सासू म्हणा, आई म्हणा, माझ्यासाठी सगळं त्याच. त्यांचे मालक, नाईक दौलतराव निकम, मोठ्या लढाईत बर्मात पडले. तेव्हा आत्याबाई विशीच्यासुद्धा नव्हत्या. आता त्या मालकांचं नाव दगडावर कोरलं जाणार होतं, आणि त्या नावाला ओवाळणार कोण, तर मी! ज्या बाईनं त्या माणसाला कधी डोळ्यांनीही बघितलेलं नाही ती.

“तवा तापलाय आत्याबाई,” मी म्हटलं.

“व्हय, व्हय,” म्हणत त्यांनी भाकरी उचलली.

आमचं कुमठोली म्हणजे सातारा जिल्ह्यातलं एक बाजाराचं गाव. घरटी एक माणूस पलटणीत. एसटी स्टँडवरच्या चिंचेखाली म्हातारे बसायचे. त्यांतल्या निम्म्यांनी पुणं धड बघितलेलं नव्हतं, पण इटली आणि लिबियाच्या गप्पा अशा हाणायचे की जणू शेजारच्याच वाडीला जाऊन आलेत. “इटलीत थंडी लई वंगाळ,” असं म्हणत भर उन्हात कोटाची बटणं लावायचे एक अण्णा अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत. आता त्या चिंचेखाली मोबाईलची दुकानं झाली. ती माणसं एकेक करून गेली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची इटलीही गेली.

गावाची रीत अशी की पोरगा रजा संपवून निघाला की घरच्या बायकांनी उंबऱ्यात ओवाळायचं, आणि त्यानं स्टँड येईपर्यंत मागं वळून बघायचं नाही. ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. माझ्या लग्नाला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. आमचे हे पार तिकडं आसामच्या पलीकडं, सीमेवर. दर रजेनंतर मी त्यांना अशीच ओवाळून पाठवायची आणि मग परड्यात जाऊन रडायची. त्या स्टँडसमोरच काळ्या दगडाचा स्तंभ उभा राहत होता. पहिल्या लढाईपासूनची गावातली जी माणसं परत आली नाहीत, त्या सगळ्यांची नावं त्यावर. मामंजींना त्या दगडानं वेड लावलं होतं. खाणीतून दगड निवडायलाही स्वतः गेले, आणि पाथरवट नावं कोरत होता तेव्हा रोज सकाळी चहा घेऊन तिथं हजर.

सोमवार होता, समारंभाला सहा दिवस उरले होते. दुपारची भांडी आवरून आम्ही दोघी परड्यात उन्हाला बसलो होतो. मी सकाळीच डोक्यावरून न्हाले होते, केस मोकळे होते. आत्याबाई कापसाच्या वाती वळत होत्या, त्याच ओवाळणीसाठी. वळता वळता थांबल्या.

“शालन, एक सांगू?”

“सांगा की.”

“मला एकदा त्यास्नी ओवाळायचंय गं.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती बाई कधी कुणाकडं काही मागायची नाही. साडीसुद्धा आणू ती नेसायची.

“तुला ठावं न्हाई,” त्या म्हणाल्या. “रजा मोडून तार आली. दोघं भाऊ एकाच पलटणीत, दोघांस्नी लगोलग निघायचं. आन मी नेमकी गोठ्यात. बाहेरची बसलेली. तवा घरात बसायचं नसायचं, गुरांपाशी बसायचं. सासूबाईंनी दोघांस्नी उंबऱ्यात ओवाळलं. मला नुसता निरांजनाचा उजेड दिसला भिंतीवर. मग ह्ये आलं गोठ्याच्या तोंडाशी. सासूबाई वरडल्या, ‘आरं शिवशील! लढाईवर निघालाईस!’ थांबलं तिथंच. म्हणलं, ‘येतो गं हौसा.’ मी हात वर क्येला. आन गेलं.”

बोलताना त्यांचा एक हात खरोखरच वर गेला होता. मग खाली मांडीवर आला.

“बायकू आसून मी ओवाळलं न्हाई. सगळ्यांच्या बायकांनी ओवाळलं. म्हणून तर...”

“काहीतरीच काय आत्याबाई! तुमच्या सासूबाईंनी ओवाळलं ना? त्यानं कुणी मरतं होय?”

“मलाबी ठावं हाय गं. पर जिवाला कुठं ठावं असतंय?” त्यांनी वात हातात फिरवली. “दगुड तर दगुड. पर नाव त्येंचंच हाय ना? एकदा ओवाळलं असतं तर माझं राहिलेलं सरलं असतं. जाऊ दे. तू ओवाळ. तू बी आमच्याच घरची.”

जाऊ दे म्हणे! माझ्या डोक्यात तिडीक उठली. मी तशीच केस बांधून सोप्यात गेले. मामंजी बुटांना पॉलिश करत होते.

“मामंजी, आपल्या घरचं ताट आत्याबाईंनी घेतलं तर?”

ब्रश थांबला. “कमिटीनं ठरवलंय.”

“कमिटीचे अध्यक्ष तुम्हीच की.”

“अध्यक्ष म्हणजे गावाचा मालक नव्हे.” ते बुटाकडंच बघत होते. “सूनबाई, मी रीत मोडली, आणि उद्या तुझ्या नवऱ्याला तिकडं काही झालं, तर गाव कुणाच्या नावानं बोटं मोडंल? वहिनीच्या. पांढऱ्या कपाळानं ओवाळलं म्हणून झालं, म्हणतील. ते तिनं ऐकायचं? नाही. ऑर्डर म्हणजे ऑर्डर.”

“काय डोंबलाची ऑर्डर,” असं मी म्हटलं, पण अर्थातच मागं वळून, आणि तोंडातल्या तोंडात. तेव्हा सासऱ्यापुढं एवढं बोलणंसुद्धा म्हणजे अतीच होतं. आता माझी सून मला सरळ म्हणते, आई तुमचं चुकलं. बरं वाटतं ऐकायला, रागही येतो.

रविवारी सकाळी सगळा गाव स्टँडवर लोटला. पताका, मांडव, लाऊडस्पीकर, शाळेची पोरं रांगेत. म्हातारे जुने कोट घालून, छातीवर पदकं लावून आलेले, आणि त्या कोटांना ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास. मामंजी तर असे दिसत होते की मलाच सलाम ठोकावासा वाटला. आत्याबाईंनी पहाटे उठून ताट तयार केलं होतं. निरांजन, सुपारी, अक्षता, सगळं जिथल्या तिथं. कुंकवाचा करंडा तेवढा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, “ह्ये तू घाल.” मालक गेल्यापासून त्यांनी कुंकवाला बोट लावलं नव्हतं.

मांडवात पुढं एका टेबलावर पांढरा कपडा टाकून सगळ्या घरची ताटं मांडून ठेवली होती. तिथला कारभार अक्काताईंकडं, म्हणजे विलासराव सरपंचांच्या मंडळींकडं. त्याही निकमच, आमच्याच भावकीतल्या. गळ्यात बोरमाळ, नाकात नथ, आणि हुकूम सोडायची हौस भारी. सुवासिनी त्यांच्यामागं ओळीनं उभ्या. विधवा बाया मांडवाच्या शेवटी, सतरंजीवर.

ब्रिगेडियर साहेबांनी पडदा ओढला. बिगुल वाजला. मग शाळेचे गुरुजी एकेक नाव लाऊडस्पीकरवर घ्यायला लागले. नाव आलं की त्या घरची बाई ताट उचलून पुढं व्हायची, नावाला कुंकू लावायची, ओवाळायची आणि मागं यायची. कुणी घाईनं, कुणी पदर सावरत. कुणाच्या डोळ्यांना पाणी, कुणाचं लक्ष फोटो काढणाऱ्याकडं. त्यांचाही काय दोष म्हणा. पणजोबाचं नाव असलं तर त्याच्यासाठी रडू कुठून आणणार?

मी खरं सांगते, माझ्या डोक्यात काहीसुद्धा ठरलेलं नव्हतं. मी आपली माझ्या नंबराची वाट बघत होते. मध्येच मागं बघितलं तर आत्याबाई सतरंजीवरून उठून उभ्या राहिल्या होत्या. मांडवाचा खांब धरून, टाचा उंचावून बघत होत्या. पुढच्या गड्यांची डोकी आड येत होती, म्हणून जरा इकडं, जरा तिकडं. आयुष्यभर ह्या बाईनं लांबूनच बघायचं काय?

“नाईक दौलतराव निकम!” गुरुजी ओरडले.

अक्काताईंनी मला कोपरानं ढोसलं. “चल, उचल ताट.”

मी ताटाला हात लावला नाही. त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, “अक्का, मला कावळा शिवला.”

“आँ? कधी?”

“आत्ताच. उभ्या उभ्या.”

“अगं बाई!” अक्काताई दोन हात मागं सरकल्या. “आत्ताच मुहूर्त सापडला होय तुझ्या कावळ्याला!”

मग ती बातमी ओळीतून सरकत गेली. एकीनं दुसरीच्या कानात, दुसरीनं तिसरीच्या, शेवटी अक्काताईंनी विलासरावांच्या आणि विलासरावांनी लाल होत मामंजींच्या. जी गोष्ट पुरुषांपुढं कधी उच्चारायचीही नाही, ती त्या दिवशी लाऊडस्पीकर सोडून बाकी सगळ्यांनी ऐकली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. गुरुजी बिचारे परत परत ‘नाईक दौलतराव निकम’ म्हणत होते.

“काही हरकत नाही,” अक्काताई म्हणाल्या. “आम्हीपण निकमच. मी ओवाळते.” आणि त्यांनी आमचं ताट उचललं.

अरे देवा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! एवढं खोटं बोलून, एवढी लाज काढून, ताट चाललं अक्काताईंच्या हातात. मला रडूच फुटायला आलं. तेवढ्यात मामंजी समोर येऊन उभे राहिले.

“खरं का सूनबाई?”

मी जमिनीकडं बघत म्हटलं, “हो.”

नुसते बघत राहिले माझ्याकडं. ब्रिगेडियर साहेब शेजारच्याला विचारत होते, काय झालं म्हणून. मामंजींच्या छातीवरची पदकं वरखाली होत होती, ती मला दिसत होती.

“अक्का, ताट खाली ठेवा,” ते म्हणाले.

“अहो पण सुभेदार, खोळंबा होतोय.”

“ठेवा. आमच्या घरात बाई आहे.”

“कोण?”

मामंजी वळले आणि परेडवर द्यायचे तशा आवाजात, सगळ्या मांडवावरून त्यांनी हाक दिली, “वहिनी!”

स्टँडवरची कुत्रीसुद्धा गप्प झाली. विलासराव पुढं झाले, पण त्यांच्याआधी अक्काताईच बोलल्या. “भाऊजी, अहो शुभकार्य आहे. ह्या पोरीचा नवरा तिकडं सीमेवर आहे. जरा इचार करा.”

“तो माझा मुलगा आहे,” मामंजी म्हणाले. “इचार मी केलाय.”

आत्याबाई खांब सोडायला तयार नव्हत्या. शेजारच्या बायांनी त्यांना पुढं ढकललं, तेव्हा कुठं पदर डोक्यावरून ओढत आल्या.

“भाऊजी, माझ्या हातनं?”

“तुमच्याच.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “काय झालं गं?”

“मला अडचण आली, आत्याबाई.”

“अगं पण तू सोमवारीच तर...”

“परत आली!” मी डोळे वटारले. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या, आणि मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर समजल्याचं दिसलं. ओठ घट्ट मिटले. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “आन तुझ्या कुंकवाला काय झालं तर?”

“माझं कुंकू घट्ट आहे. तुम्ही ताट घ्या.”

आता म्हणायला काय जातंय, पण तेव्हा मीही घाबरले होते. ह्यांचं शेवटचं पत्र येऊन महिना होत आला होता. मनात म्हटलं, देवा, बघून घे बाबा.

आत्याबाईंनी ताट उचललं. त्यांना वाचता येत नव्हतं. मामंजींनी पुढं होऊन दगडावरच्या नावाखाली बोट धरलं. आत्याबाईंनी करंड्यात बोट बुडवलं आणि एवढ्या वर्षांचं कुंकू त्या नावाला लावलं. एकदा लावलं, दोनदा लावलं, कमी वाटलं म्हणून परत लावलं. मग ओवाळायला लागल्या. वारा होता, निरांजन विझू बघत होतं. त्यांनी पदराचा आडोसा केला आणि सावकाश, अगदी सावकाश ओवाळलं. मी मागंच उभी होते म्हणून मला ऐकू आलं. त्या दगडाला म्हणाल्या, “आलात?”

मामंजी खटकन ताठ झाले आणि त्यांनी सलाम ठोकला. ब्रिगेडियर साहेबांना काय कळलं, काय नाही, देव जाणे, पण त्यांचाही हात वर गेला. मागोमाग चिंचेखालचे सगळे म्हातारे.

पुढचं नाव आलं तेव्हा गोदाबाई, बांगलादेशच्या लढाईत तिचा नवरा गेलेला, मागून उठून आली आणि काही न बोलता तिनं आपल्या जावेच्या हातून ताट काढून घेतलं. अक्काताईंनी कपाळावर हात मारला. पण अडवलं नाही कुणी.

घरी आलो. मामंजी दारातच थांबले आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “सूनबाई, कशाला शिवायचं नाही. परड्यातल्या खोलीत बसायचं. तीन दिवस.”

आता घ्या! चांगल्याभल्या अंगानं मी तीन दिवस त्या खोलीत. घोंगडी, पाण्याचा तांब्या, आणि खिडकीतून दिसणारी म्हैस. पण खोटं कशाला बोलू, लग्न झाल्यापासून एवढी विश्रांती मिळाली नव्हती. आत्याबाई ताट वाढून आणायच्या, लांबून सरकवायच्या आणि उंबऱ्यापलीकडं बसायच्या. पहिल्या दिवशी आम्ही एकमेकींकडं बघायचंच टाळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाकरीवर लोण्याचा हा एवढा गोळा ठेवून आणला आणि म्हणाल्या, “खा. लई तरास झाला आसंल न्हवं तुला?”

आणि मग जे हसू फुटलं! दोघींनी पदराचे बोळे तोंडात कोंबले. त्या बाईला एवढं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. त्यांचे पुढचे दोन दात पडलेले आहेत हेसुद्धा मला तेव्हा कळलं.

“म्हाताऱ्याला कसं फशिवलंस गं,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “पलटनीतला एवढा मोठा सुभेदार!”

“हळू बोला, सोप्यात आहेत.”

“त्यास्नी काय कळतंय बायकांच्यातलं.” मग पदर सारखा केला. “शालन, मला काल रात्री झोप लागली गं. पडले ती सकाळीच जाग आली.”

बुधवारी मी न्हाले आणि केस सुकवायला अंगणात उन्हाला बसले. आत्याबाई आत भाकऱ्या करत होत्या. मामंजी बाजेवर बसून रेडिओच्या बातम्या ऐकत होते. बातम्या संपल्या. त्यांनी रेडिओ बंद केला.

“सूनबाई.”

“जी.”

“गेल्या आठवड्यात सोमवारी न्हाली होतीस. आज परत.”

माझा हात केसांतच राहिला.

“घरात माणसं तीन,” ते म्हणाले. “त्यातलं एक चुलीपाशी दिसेना झालं की कळतं. डोळे काय पलटणीत जमा करून आलो होय मी?”

“मग मामंजी, तुम्ही तिथं मांडवात...”

“मला कारण पाहिजे होतं. मला सापडत नव्हतं, तू दिलंस.” त्यांच्या मिशीखाली हसू आलं, पण टिकलं नाही. ते गोठ्याकडं बघत होते. गोठा आता नवा बांधला होता, सिमेंटचा. “त्या दिवशी दादा तिथं गेला तेव्हा त्याच्या मागं मीच होतो. आईला म्हणायला पाहिजे होतं, आई, ओवाळू दे तिला, काही होत नाही. नाही म्हटलं. लढाईला भ्यायलो नाही कधी, आईला भ्यायलो.”

असं बोलणारे मामंजी मी कधी ऐकले नव्हते.

“दादाला गोळी लागली तेव्हा मी जवळच होतो. डोकं माझ्या मांडीवर होतं त्याचं. मला म्हणाला, ‘ज्योत्या, हौसाला सांग, ह्या खेपेला तुझ्याच हातनं ओवाळून घेणार. तोवर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही म्हणावं.’ दुसरं काही बोलला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही.”

“हे आत्याबाईंना...?”

“नाही सांगितलं. कसं सांगू? ओवाळून घ्यायला माणूसच आणला नव्हता मी बरोबर. नुसता निरोप काय देऊ तिला? ऐकून जन्मभर जळली असती. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो.” त्यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. “रोज तिच्या हातचं जेवतो सूनबाई. रोज घासाघासाला आठवतं.”

मला तर त्यांच्याकडं बघवेना. एवढा डोंगरासारखा माणूस, आणि बाजेच्या सुतळीत बोटं अडकवून बसला होता.

“मामंजी,” मी म्हटलं, “आता सांगा.”

“आता?”

“आता ओवाळून झालंय की.”

ते उठले. सोप्यातल्या खुंटीवरची टोपी घेतली. वहिनीपुढं बोडक्या डोक्यानं कधी गेले नाहीत ते. टोपी नीट बसवली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि आत गेले. आत्याबाई चुलीपाशी असताना स्वयंपाकघरात पाऊल न टाकणारा तो माणूस उंबरा ओलांडून आत गेला.

“वहिनी,” मला ऐकू आलं, “दादाचा एक निरोप द्यायचा राहिलाय.”

पुढचं मला ऐकू आलं नाही. मी उन्हात केस मोकळे सोडून तशीच बसून राहिले. मग भाकरी करपल्याचा वास यायला लागला. आत्याबाईंच्या हातची भाकरी करपलेली मी त्या घरात कधी बघितली नव्हती. उठून जावं, तवा तरी उतरवावा, असं वाटलं. पण उठले नाही. म्हटलं, करपू दे आज.